बेंगळुरूचा हिशोब



गेले दोन महिने इथे काही लिहिलं नाही. घरात एकच विषय चालू होता. यांना बेंगळुरूच्या ऑफिसात बोलावलंय, महिना २५,००० वाढ देतो म्हणून. वरवर बघितलं तर आनंदाचीच गोष्ट. पण यांच्या पुण्यातल्या ऑफिसात काम कमी कमी होत चाललंय, निम्मा मजला रिकामा झालाय, आणि 'नको' म्हटलं तर वर्षभराने काय, हे कुणी सांगत नाही. म्हणजे विचारलं होतं, पण उत्तर एकच येण्यासारखं होतं.

मी एका सीएकडे अर्धवेळ काम करते हे तुम्हाला माहीतच आहे. त्यामुळे घरातला हिशोब माझ्याकडे. एका रविवारी सामायिक आणि स्वाध्याय आटोपून वही घेऊन बसले. तुमच्यापैकी बऱ्याच जणींच्या घरी असा प्रसंग येतो, मुलांच्या नोकऱ्यांमुळे तर येतोच येतो, म्हणून आकडे उघड सांगते.

सगळे आधी विचारतात, "तिकडे टॅक्स किती?" आयकर केंद्राचा, तो पुण्यात तेवढाच आणि बेंगळुरूत तेवढाच. जीएसटीही देशभर एक. राज्याचा म्हणून पगारातून जो कापला जातो तो व्यवसाय कर. तो दोन्हीकडे महिना २०० आणि फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. याहून जास्त राज्याला घेताच येत नाही, राज्यघटनेतच तशी मर्यादा आहे. तेव्हा पगारावरच्या करासाठी राज्य बदलणं किंवा न बदलणं यात काही अर्थ नाही. पेट्रोलमध्ये लिटरमागे रुपया-दीड रुपयाचा फरक, तोही बदलता.

मात्र वाढ २५,००० म्हणजे हातात २५,००० नव्हेत. आमची वाढ नव्या करप्रणालीत थोडी पंधरा टक्क्यांत आणि थोडी वीस टक्क्यांत जाते. महिन्याला साधारण ४,२०० कर, वर पीएफची वाढीव कपात. उरले १९,०००.

आता घर. पुण्याचा फ्लॅट आमचा, पण हप्ता २७,००० चा चालूच आहे. तो भाड्याने दिला तर २१,००० येतील. बेंगळुरूत दक्षिण भागात दोन बेडरूमचं घर, लिफ्ट असलेलं (आत्तींचे गुडघे), बस्ती चालत जाण्याच्या अंतरावर, ३२,०००. बस्ती लांब चालणार असेल तर २८,००० मध्येही मिळत होतं. म्हणजे देवदर्शनाचे महिन्याला चार हजार! हे हसून म्हणाले, "इतकं महाग दर्शन?" मी म्हटलं, आत्ती रोज रिक्षाने गेल्या तर तेवढेच होतील, आणि न गेल्या तर त्या जेवणार नाहीत. दर्शनाशिवाय अन्न न घेण्याचा त्यांचा नियम चाळीस वर्षांचा आहे. यांनी पुढे काही विचारलं नाही.

डिपॉझिट मात्र अंगावर येतं. पुण्यात दोन-तीन महिन्यांचं भाडं देऊन भागतं. बेंगळुरूत पूर्वी दहा महिन्यांचं घ्यायचे, आता पाच-सहावर आलंय. आमचे १,६०,००० अडकणार. आणि घर सोडताना रंगकामाचे म्हणून एक महिन्याचं भाडं कापून घेण्याची तिकडे पद्धतच आहे. करारात ती ओळ आधी शोधा. पाण्याचंही विचारा. २०२४ च्या उन्हाळ्यात तिथल्या बोअरवेल आटून टँकरवर पाळी आली होती, म्हणून इमारतीत कावेरीचं पाणी येतं की नुसतं बोअर, हे भाड्याइतकंच महत्त्वाचं. एक गोष्ट मात्र आम्हाला सोपी गेली. जैन म्हटल्यावर घरमालक लगेच 'या' म्हणतात. मला ते ऐकून बरं वाटलं, आणि मग जरा अवघडल्यासारखंही झालं, कारण आमच्या आधी घर बघून गेलेल्या मुलीला त्याच मालकाने डब्यात काय असतं ते विचारून परत पाठवलं होतं.

पुण्याच्या बाजूची एक गंमत बऱ्याच जणींना ठाऊक नसते. पुणे महापालिका स्वतः राहत असलेल्या घराला मिळकतकरात ४० टक्के सवलत देते. घर भाड्याने दिलं की ती गेली. आमचं बिल नऊ हजारांवरून पंधरा हजारांच्या घरात जाईल. वर सोसायटीचे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस. ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाहीत, कुणी जास्त मागितले तर नियम दाखवा. येणाऱ्या भाड्यावर आयकर लागेल अशी मला धास्ती होती, पण भाड्यातून मिळकतकर आणि मग ३० टक्के वजा होतात, आणि भाड्याने दिलेल्या घराच्या कर्जाचं व्याज नव्या प्रणालीतही वजा करता येतं. आमच्या बाबतीत कर शून्यावर आला.

काहींनी सल्ला दिला, पुण्याचं विका आणि तिकडे घ्या. तेवढं आम्ही करणार नाही. महाराष्ट्रात घर बाईच्या नावावर घेतलं तर २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, तिकडे तशी नाही. शिवाय २०२५ मध्ये तिथलं नोंदणी शुल्क एकावरून दोन टक्के झालंय. आणि खरं सांगू, आपलं एक दार आपल्याकडे असावं.

गाडी विकली. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांवर गाडी ठेवली की तिथला नंबर घ्यावा लागतो. आधी इथल्या आरटीओची एनओसी, मग तिथला कर भरायचा, मग इथे उरलेल्या वर्षांचा परतावा मागत बसायचं. सात वर्षांच्या गाडीसाठी एवढा खटाटोप कोण करणार.

शाळेची फी वर्षाला ३०,००० ने जास्त. लेकाला कन्नड शिकावं लागेल, तसा तिथे २०१५ चा कायदाच आहे. वर्षातून तीन-चार वेळा जयसिंगपूरला येणं-जाणं, त्याचे महिन्याला दीड हजार धरले. विजेत थोडं वाचेल. तिकडे २०० युनिटपर्यंत वीज फुकट असं सगळे म्हणतात, पण दोनशे ही वरची मर्यादा, प्रत्यक्षात किती मिळणार ते आधीच्या सरासरी वापरावर ठरतं. मी आठशे रुपयेच धरले. शेवटी महिन्याला शिल्लक चार हजार. पंचवीस हजारांचे चार हजार!

पण चार हजार अधिकच होते. 'जाऊया' म्हणण्याइतके. मी वही मिटली आणि मला रडू का येतंय ते कळेना.

मग मी मनात आत्तींच्या व्रताचा आधार शोधू लागले. हे मी तुमच्यापुढे कबूल करते. आत्तींनी सतरा वर्षांपूर्वी महाराजांसमोर दिग्व्रत घेतलंय. उत्तरेला हस्तिनापूर, पूर्वेला शिखरजी, पश्चिमेला गिरनार, दक्षिणेला श्रवणबेळगोळ. त्यापलीकडे आयुष्यात जायचं नाही. मला वाटलं, बेंगळुरू म्हणजे खूप खाली. आत्ती येऊ शकणार नाहीत, आणि त्यांना सोडून मी जाणार नाही. झालं, प्रश्न मिटला. यांचं म्हणणं होतं की तशी अडचण आली तर आई धाकट्याकडे जयसिंगपूरला राहील. त्यावर आमच्यात दोन दिवस अबोला होता.

लेकाने मोबाइलवर नकाशा काढला. श्रवणबेळगोळ १२.८६ अक्षांशावर, बेंगळुरू १२.९७ वर. म्हणजे शहराचा मध्य बाहुबलींच्या डोंगराच्या किंचित उत्तरेलाच, दहा-बारा किलोमीटरने. आत्ती व्रतात बसत होत्या! "पण आजी," तो म्हणाला, "बाबांचं ऑफिस इलेक्ट्रॉनिक सिटीत आहे, ते रेषेच्या खाली जातंय. तिथे तुला येता येणार नाही." आत्ती म्हणाल्या, "मला काय करायचंय त्याच्या हापिसात."

माझा चेहरा उतरलेला त्यांना दिसला असणार.

आत्तींचं माहेर चिकोडी तालुक्यातलं. त्या सात वर्षांच्या असताना, १ नोव्हेंबर १९५६ ला, त्यांचं गाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं. लग्न होऊन आल्या महाराष्ट्रात. कन्नड अजून अस्खलित. "आमचं तर घर न हलताच राज्य बदललं," त्या नेहमी म्हणतात. त्यांना बेंगळुरूचं भय नाही. वर महिलांना तिथे सरकारी साध्या बस फुकट, फक्त आधारवर तिथला पत्ता लागतो, हे त्यांना माझ्या आधी ठाऊक होतं. "इथं एसटी पंच्याहत्तरीनंतर फुकट मिळाली. तिथं तर तुलाबी मिळंल," म्हणाल्या.

त्या रात्री त्यांनी वही मागितली. चष्मा लावून एकेक ओळ वाचली. त्यांची स्वतःची परिग्रह-परिमाणाची वही आहे. साड्या किती, भांडी किती, सोनं किती, सगळं मोजून लिहिलेलं, तेव्हा त्यांना रकाने वाचायची सवय आहे. शेवटच्या ओळीपर्यंत आल्या आणि म्हणाल्या,

"आणि तुजं कुठाय गं?"

"काय माझं?"

"तुजा पगार. तो सुटणार न्हाई व्हय?"

माझे महिना १४,०००. मी स्वतः केलेल्या हिशोबात मी स्वतः लिहिलेच नव्हते. यांना दोष देणार होते, पण वही माझ्या अक्षरातली होती. मिळकतकराचे पाचशे लिहिले, विजेचे आठशे लिहिले, आणि आठ वर्षं जे कमावते ते विसरले. लोकांची विवरणपत्रं तपासून देणारी मी!

चार हजार अधिकचे झाले दहा हजार उणे.

मग खरं बोलणं सुरू झालं. हे खजील झाले, पण त्याने आकडे बदलत नाहीत. यांनी ऑफिसात लिहून कळवलं की बायकोची नोकरी सुटते आहे, वाढ कमी पडते. आठवडाभराने ३०,००० वर आले. करानंतर त्यातले चार हजार खरे. मी माझ्या सरांशी बोलले. जीएसटीचं काम नाहीतरी ऑनलाइनच असतं. ते म्हणाले, फायली हाताळता येणार नाहीत, पण रिटर्नचं काम तिकडून कर, ९,००० देईन. पाच हजारांची कपात, पण नाव पगारपत्रकात राहिलं.

चार अधिक चार अधिक नऊ वजा चौदा… वहीत तीनदा मांडून बघितलं. महिना तीन हजार अधिक. आणि डिपॉझिटसाठी मोडलेल्या ठेवीचं व्याज, सामानाचा ट्रक, पहिल्या वर्षाचे नकळत होणारे खर्च धरले तर साधारण बरोबरीत. म्हणजे पैशासाठी आम्ही जात नाही आहोत. यांची नोकरी टिकावी म्हणून जातोय, आणि ते आता आम्ही एकमेकांशी बोलताना तसंच म्हणतो.

करार अकरा महिन्यांचा केलाय. निघायचं चातुर्मास लागायच्या आत, कारण चातुर्मासात आत्ती गाव सोडत नाहीत, आणि तिकडच्या शाळाही आपल्यापेक्षा आधी उघडतात.

आता माझी एक साधी काळजी उरलीय, ती तुमच्यातल्या तिकडे राहणाऱ्या जणींना विचारते. जूनमध्ये पुण्यात सूर्य सव्वासातच्या आसपास मावळतो, बेंगळुरूत पावणेसातच्या सुमारास. हिवाळ्यात फरक जवळजवळ राहत नाही, पण उन्हाळ्यात तब्बल वीस-पंचवीस मिनिटं. इथे हे पळत येऊन सूर्यास्ताआधी ताटावर बसतात. तिकडे इलेक्ट्रॉनिक सिटीहून आर. व्ही. रोडपर्यंत मेट्रो झालीय, तरी सहाला सुटून साडेसहाला घरी पोहोचणं कठीण. संध्याकाळचा डबा बरोबर द्यावा की साडेपाचलाच ऑफिसात जेवून घ्यावं? भाकरी टिकेल, पण भाजी कुठली द्यावी जी कांदा-लसूण-बटाट्याशिवाय सकाळपासून संध्याकाळपर्यंत बरी राहील? कोरडी चवळी आणि मटकी सोडून सुचवा, त्या दोन्ही करून झाल्या.

आत्तींची ट्रंक भरून झालीय. एकच आहे. आमच्या तिघांच्या सामानाला सतरा खोकी लागली आणि अजून माळा बाकी आहे.

जय जिनेंद्र.