वजनाच्या वहींतील दुसरा रकाना

लठ्ठपणावरील शस्त्रक्रिया ही आतां केवळ तरुणांची गोष्ट राहिलेली नाहीं. साठी उलटलेलीं माणसेंही मधुमेह व गुडघेदुखी यांपासून सुटका व्हावी म्हणून ती करून घेतात. आमच्या डोंबिवलीच्या घरांत वडील काकांनीं ६७ व्या वर्षीं ती करून घेतली. तींत जठराचा सुमारें पाऊण भाग काढून टाकतात. त्यामुळें भूक मंदावते व चार घांसांत पोट भरतें.

वर्षभरांत काकांचें वजन १०४ किलोंवरून ७६ वर आलें. साखर ताब्यांत आली, घरांत आनंद झाला. परंतु त्याच सुमारास काकूंच्या लक्षांत आलें कीं, काकांना खुर्चीवरून उठतांना हात टेकावे लागतात, आणि लोणच्याच्या बरणीचें झांकणही त्यांच्या हातून उघडत नाहीं.

कारण उघड आहे. तराजू एकंदर वजन सांगतो. गेलें तें मेदाचें कीं स्नायूंचें, हें सांगत नाहीं. घटलेल्या वजनांत मेदाखेरीज स्नायू, पाणी इत्यादिकांचा वांटा कित्येकदां चौथ्या हिश्शाइतका असतो. वृद्धपणीं स्नायू आधींच झिजत असतात आणि गेलेले सावकाश भरून येतात. हाडेंही विरळ होतात. अशा देहास एखादें पडणें फार महाग पडतें.

आपल्या लोकांची शिल्लक मुळांतच थोडी. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व इंग्लंडांतील डॉ. जॉन युडकिन यांनीं २००४ सालीं 'लॅन्सेट' या नियतकालिकांत स्वतःचेंच उदाहरण दिलें. उंचीच्या मानानें वजनाचा अंक दोघांचाही २२.३, परंतु मेद युडकिनांच्या देहांत ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या देहांत २१.२ टक्के!

अशा वेळीं घरची माया आड येते. "आतां आराम करा" म्हणून हातांतली पिशवी काढून घेतली जाते व पुढें मऊ वरणभात येतो. शस्त्रक्रियेनंतर रोज निदान ६० ग्रॅम प्रथिनें पोटांत जावींत असें डॉक्टर सांगतात. वाटीभर वरणांतून पांचसहा ग्रॅमच मिळतात. म्हणून काकूंनीं पानांतला क्रमच बदलला: आधीं पनीर, चक्का, मुगाची उसळ; भात शेवटीं, जागा उरली तर. व्यायामशिक्षकाच्या देखरेखीखालीं काका खुर्चीवरून उठबस करूं लागले, हलकीं वजनें उचलूं लागले. सहा महिन्यांनीं वजन जवळजवळ तेंच होतें, परंतु ठाण्यास बहिणीकडे गेले असतां मसुंदा तलावास ते न थांबतां फेरी घालून आले.

ज्या घरीं अशी शस्त्रक्रिया झाली असेल, तेथें वजनाच्या वहींत आणखी एक रकाना आंखावा. अर्ध्या मिनिटांत हात न टेकतां खुर्चीवरून किती वेळां उठतां आलें, हें त्यांत दर आठवड्यास लिहावें. वजनाचा आंकडा उतरत असतां हा आंकडाही उतरूं लागला, तर आनंद मानण्याआधीं डॉक्टरांकडे जावें.