बैलाचे दात पाहता, मग प्लॉटचे का नाही?



मी पंचायत समितीत विस्तार अधिकारी. तुम्ही मला विचारता ते कपाशीवरच्या बोंडअळीचे, नाही तर कांद्यावरच्या करप्याचे. पण गेल्या काही वर्षांत प्रश्न बदलले आहेत. आमच्या वैजापूर भागातून समृद्धी महामार्ग गेला, काहींच्या हाती मोबदल्याचे पैसे आले, काहींची मुले नोकरीला लागली. आता पिकाचे बोलून झाले, की बांधावरचा माणूस हळूच विचारतो, "साहेब, तालुक्याला दोन गुंठे घेऊन टाकू का?"

गेल्या हिवाळ्यात असेच एक अण्णा कचेरीत आले. हातात प्लॉटिंगचा रंगीत कागद होता. दुसऱ्या दिवशी पन्नास हजार इसार द्यायचा होता. मी काही बोललो नाही. टेबलाचा खण उघडला, एक पिवळा पडलेला कागद काढला आणि त्यांच्यापुढे ठेवला. तो माझाच होता.

सन २००८ ची गोष्ट. तेव्हा मी दुसऱ्या तालुक्यात नोकरीला होतो. गावाबाहेरच्या एका शेतात चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पाडले होते. एजंट म्हणाला, "साहेब, दोन वर्षांत दुप्पट." दीड गुंठा ठरला. पैसे कमी पडले, तेव्हा सौ.ने आपल्या पाटल्या काढून दिल्या. शेतजमिनीचा एवढा तुकडा रजिस्टर होत नव्हता, कारण १९४७ चा तुकडेबंदी कायदा आड येत होता. एजंटने तोड काढली, "नोटरी करू, एन. ए. झाले की खरेदीखत." शंभराच्या स्टँपवर लिहून घेतले आणि आम्ही पेढे वाटले.

मी बी. एस्सी. ॲग्री झालेला माणूस. सातबारा रोज हातात घेणारा. पण त्या दिवशी मी सातबाऱ्यावर वरचे एकच नाव वाचले. खाली दोन भाऊ आणि एक बहीण होती. बहिणीची सही कोणीच घेतली नव्हती. पुढे तिने वाटपाचा दावा लावला आणि ती चुकीची नव्हती. बापाच्या मिळकतीत तिचा हक्क होताच. २००५ च्या दुरुस्तीने तर हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतही मुलीचा हक्क मुलाच्या बरोबरीचा झाला आहे. ज्याने माझे पैसे घेतले, तो दरम्यान वारला. माझ्या हाती राहिला तो हा कागद.

आता सांगा, आपण बैल घेतो तेव्हा काय करतो? दात पाहतो, खूर पाहतो, चालवून बघतो, औताला जुंपून बघतो. विहीर घ्यायची तर दहा जणांना विचारतो. आणि जन्माची पुंजी ज्यात घालायची, तो प्लॉट मात्र एजंटच्या गाडीत बसून तासाभरात पसंत करतो. म्हणून इसार देण्याआधी तीन गोष्टी स्वतः तपासा.

पहिली, जमीन कोणाची? ताजा सातबारा काढा आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. नावे किती, सह्या किती, हे जुळलेच पाहिजे. 'इतर हक्क' या रकान्यात सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा, कुळाचे नाव, कोर्टाचा दावा दिसू शकतो. भोगवटादार वर्ग २ अशी नोंद असेल, तर परवानगीशिवाय विक्री होत नाही. जुने फेरफारही पाहा, जमीन कोणाकडून कोणाकडे कशी आली ते त्यात कळते. पण सातबारा हा मुळात महसुलाचा कागद आहे, मालकीचा शेवटचा पुरावा नव्हे. म्हणून वकिलाकडून मागच्या तीस वर्षांचा शोध घ्यावा. वकील आपला असावा, एजंटने आणलेला नको.

दुसरी, तिथे घर बांधता येईल का? मंजूर लेआउटची प्रत मागा. तिच्यावर आपला प्लॉट नंबर आणि रस्ता आहे का ते पाहा. शेतातून जाणारी गाडीवाट म्हणजे रस्ता नव्हे, उद्या शेजारी काटे टाकील. मोजणीचा नकाशा घेऊन हद्दी पायी फिरून बघा. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, तेवढे भरतात का ते टेप लावून पाहा. प्लॉटिंग मोठे असेल तर महारेराचा नोंदणी क्रमांक विचारा. तुकडेबंदीत अलीकडे सवलती झाल्या आहेत, पण त्या सगळीकडे सारख्या नाहीत. आपल्या गावाला काय लागू आहे, ते तहसील कचेरीत विचारावे. आणि एवढे पक्के लक्षात ठेवा, मालकी देते ते दुय्यम निबंधकाकडे नोंदलेले खरेदीखत. नोटरीच्या कागदाने जमीन आपली होत नाही.

तिसरी, पैसा कोणता? समजा, सहा लाख घातले. हेच पैसे बँकेत सात टक्क्यांनी ठेवले, तर पाच वर्षांत नुसत्या सरळ व्याजाचे दोन लाख दहा हजार होतात. म्हणजे प्लॉट आठ लाख दहा हजारांच्या वर विकला, तर नफा. त्यातून स्टँप, नोंदणी, वकील, दलाली वजा करा. शिवाय प्लॉट ना दूध देतो, ना कडबा. मुलीचे लग्न निघाले किंवा दवाखाना लागला, तर आठ दिवसांत गिऱ्हाईक मिळत नाही. म्हणून पीककर्जाचा, बियाण्याचा, आजारपणाचा पैसा यात घालू नये. पाण्याखालची जमीन विकून तर मुळीच घेऊ नये. हे सगळे बाजूला ठेवून जो उरतो, तोच पैसा प्लॉटचा.

आणि आणखी एक. कागद घरी आणा, मंडळींसमोर मोठ्याने वाचा. मी त्या दिवशी सातबारा घरी वाचला असता, तर सौ.ने पहिला प्रश्न हाच केला असता, "अहो, या बाईची सही कुठे आहे?" माहेरच्या जमिनीचे दुखणे बाईमाणसाला पुरुषाआधी कळते.

अण्णांनी इसार थांबवला. सातबारा काढला, तर त्यावर बँकेचा बोजा निघाला. "आधी बोजा उतरवा, मग बोलू," असा निरोप त्यांनी एजंटला धाडला. अजून उत्तर आलेले नाही. अण्णांचे पैसे बँकेत आहेत.

सौ.च्या हातात आजही काचेच्याच बांगड्या आहेत. तिने एका शब्दाने कधी बोल लावला नाही, हेच मला जास्त लागते. तुमच्या घरी असे होऊ नये, म्हणून खणातला कागद तुमच्यापुढे ठेवला.