गडग्यावरचा मेणखडू

पुणे, आषाढ

चि. धाकटीस,

मंडणगडच्या शाळेतल्या मुलांसाठी कोणते खडू घ्यावेत, असं विचारलंस. दुकानात सगळे एकाच फळीवर असतात, पण रंगाची पूड कशात बांधली आहे यावर प्रत्येकाचं वागणं ठरतं.

मेणखडूत पॅराफिन असतं. अमेरिकेत १९०३ साली क्रेयोलाची आठ रंगांची पेटी पाच सेंटला निघाली आणि हा खडू मुलांच्या हाती आला. रंग फिका बसतो, थरावर थर चढत नाही, ही त्याच्याबद्दलची तक्रार खरी आहे. पण मेणावर पाणी ठरत नाही, आणि तुमच्याकडच्या पावसात हाच त्याचा मोठा गुण. पांढऱ्या मेणखडूने तिरप्या रेघा दाबून ओढायच्या, वरून करड्या जलरंगाचा पातळ हात फिरवायचा. रेघा कोऱ्या राहतात आणि बाणकोटच्या खाडीवरची सर कागदावर उतरते.

दुसरा उपयोग मला त्याहून आवडतो. जांभ्याच्या चिऱ्यावर पातळ कागद धरायचा, खडूचं वेष्टन काढून तो आडवा घासायचा. चिऱ्याचं भोकन्‌भोक उमटतं! जर्मन चित्रकार माक्स एर्न्स्ट १९२५ साली लाकडी जमिनीवर कागद ठेवून असंच घासत बसला. त्यातून निघालेल्या चित्रपद्धतीला फ्रोताज म्हणतात.

ऑइल पेस्टलही त्याच वर्षीचे, जपानच्या साकुरा कंपनीचे. मेणाबरोबर त्यात न वाळणारं तेल असतं, म्हणून रंग गडद बसतो आणि बोटाने मिसळतो. खाली पिवळा-केशरी, वर काळा असे थर देऊन खिळ्याने खरवडलं, की वेळासच्या कासवाची पाठ छान जमते. मात्र हे चित्र पुरतं सुकत नाही. वर बटर पेपर ठेवायचाच, नाहीतर शेजारचं पान रंगतं.

कोरडे, मऊ पेस्टल सध्या नकोत. त्यांत डिंक अगदी थोडा, पूडच जास्त; चित्र फिक्सेटिव्ह मारून काचेत ठेवावं लागतं, आणि दमट हवेत त्यावर बुरशी धरते.

तेव्हा आधी मेणखडूच घे, काळे आणि पांढरे जास्तीचे. पाऊस उघडला की मुलांना शाळेच्या जांभ्याच्या गडग्यापाशी ने आणि घासलेला एक कागद पाकिटात घालून मला पाठव.

तुझी,
मावशी