विस्मयाआधीची अपेक्षा

‘गंमतीतून विज्ञान’ हा शब्दप्रयोग आम्हां साहित्य शिकविणाऱ्यांच्या कानाला खटकतो. विज्ञान मुळात कडू, म्हणून त्यावर गंमतीची साखर, असे त्यात गृहीत धरलेले असते. भरताने हास आणि विस्मय हे दोन वेगळे स्थायीभाव मानले. एकातून हास्य, दुसऱ्यातून अद्भुत. कुमारवयीन मुलांपुढे डोळे दिपविणारे प्रयोग मांडताना ही गल्लत सर्रास होते.

हा भेद आम्हांस नीट उमगला तो ब्रिग्ज-रॉशर अभिक्रिया पाहताना. आमच्या कनिष्ठ महाविद्यालयातील रसायनशास्त्राच्या मॅडम ती अकरावीच्या वर्गाला दाखविणार होत्या. आम्हीही मागच्या बाकावर जाऊन बसलो. मॅडमनी आधी प्रत्येकाला मिनिटाभराने कोणता रंग दिसेल ते लिहावयास लावले. मग चष्मा, हातमोजे, उघड्या खिडक्या. चंचुपात्रात तीन रंगहीन द्रावणे एकत्र आली. द्रावण मधासारखे पिवळसर झाले आणि एका क्षणी, काही कळण्याआधीच, गर्द निळे. टाळ्या पडल्या. बटाट्याच्या फोडीवर आयोडीन टाकले की दिसतो तोच हा पिष्टाचा निळा, सर्वांच्या ओळखीचा. पण निळा विरला, द्रावण पुन्हा रंगहीन झाले, पुन्हा मधाळ, पुन्हा निळे. आता टाळी नव्हती. एका मुलीने विचारले, “मॅडम, हे उलटं कसं गेलं?”

ते उलटे जात नाही, हेच त्यातले मर्म. हायड्रोजन पेरॉक्साइड, आयोडेट आणि मॅलॉनिक आम्ल सतत खर्चच होत असतात. वरखाली होते ते मधल्या टप्प्यांवरील आयोडीन व आयोडाइड यांचे प्रमाण. म्हणूनच काही मिनिटांनी खेळ संपतो आणि द्रावण काळपट निळे राहते.

त्या मुलीची शंका मोठमोठ्यांनाही पडली होती. सोव्हिएत रसायनशास्त्रज्ञ बोरिस बेलूसोव्ह यांनी अशीच हेलकावे खाणारी एक अभिक्रिया शोधली. 1951 मध्ये त्यांचा लेख परत आला. असे घडणे अशक्य, हे कारण. मुलीने जिथे प्रश्न विचारला तिथे संपादकांनी निकाल दिला! बेलूसोव्ह 1970 मध्ये वारले. लेनिन पारितोषिकाच्या मानकऱ्यांत त्यांचे नाव आले ते 1980 मध्ये. दरम्यान 1973 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतील टॉमस ब्रिग्ज आणि वॉरन रॉशर या दोन शाळाशिक्षकांनी बेलूसोव्ह आणि त्यांच्याही आधीचे विल्यम ब्रे यांच्या अभिक्रियांतील घटक एकत्र आणून ही रंगीत अभिक्रिया सिद्ध केली. वर्गात दाखविण्याजोगी ही अभिक्रिया पुढे संशोधकांच्याही अभ्यासाचा विषय झाली.

हल्ली स्नेहसंमेलनांत संगीताच्या तालावर धूर आणि फेस उडविणारे कार्यक्रम होतात. त्यांना आम्ही तमाशा म्हणणार नाही. तमाशातल्या वगालाही कथानक लागते, पुढे काय होईल असे प्रेक्षकाला वाटावे लागते. काहीच वाटले नसेल तर फेस कितीही उंच उडो, मोडण्यासारखे मनात काही नसते.

आमच्याकडच्या प्रात्यक्षिक वह्यांत कृती, निरीक्षण, अनुमान असे मथळे असतात. मॅडमच्या वर्गातील मुलांनी कृतीच्या खाली पेन्सिलीने आणखी एक आखला आहे: अपेक्षा.