वीट जिथे आत वळते

नकाशावर ती जागा जेमतेम वीतभर. दर्शनी विटांची भिंत सरळ येते, काचेची उंच चौकट तिच्या तोंडापासून थोडी आत सरकवलेली असते, आणि मधली बाजू झाकायला वीट काटकोनात वळून काचेपर्यंत जाते. साइटवर त्याला रिटर्न म्हणतात. रस्त्यावरून बघणाऱ्याला भिंत जाड, भक्कम वाटते ती या वळणामुळे. आणि कच्चं काम राहिलं, तर पहिल्या मोठ्या पावसात ओल धरते तीही इथेच.

पुणे-पिंपरी पट्ट्यात परदेशातल्या इमारतींची संगणकावर मॉडेलं करणारी कार्यालयं बरीच आहेत. ऑगस्ट २०२३ मध्ये सुरू झालेल्या दापोडी मेट्रो स्थानकावर सकाळी उतरणारा एखादा मॉडेलर दिवसभर इंग्लंडमधल्या शाळेच्या भिंतीत बुडालेला असतो, तर त्याच्या शेजारच्या टेबलावर चाकणच्या कारखान्याची दर्शनी कचेरी उभी राहत असते. दोन्हीकडे वीट आहे, काच आहे आणि तेच वळण आहे. पण दोन भिंतींची घडण वेगळी.

चाकणची भिंत समजा नऊ इंची, सबंध विटेची. तिच्यात काच आत सरकवली की उघडी पडलेली बाजूही विटेचीच असते. मॉडेलमध्ये वेगळं काही करावं लागत नाही. इंग्लंडची भिंत मात्र थरांची: बाहेर १०२.५ मिलिमीटरची वीट, मग पोकळी, मग थंडी अडवणारा थर, आणि आत काँक्रीटचे ठोकळे. रेव्हिट या मॉडेलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये अशा भिंतीत खिडकी बसवली, तर बाहेरचा थर आत वळवण्याची सोय आहे. पडदी काच, म्हणजे कर्टन वॉल, ही मात्र सॉफ्टवेअरच्या लेखी खिडकी नसून दुसरी भिंतच. ती पहिल्या भिंतीत बसते, आपल्यापुरती जागा कापून घेते, आणि कापलेल्या कडेला पोकळी व इन्सुलेशन उघडं टाकते. त्रिमितीय चित्रात लांबून हे कुणाच्या लक्षात येत नाही. प्लॅनमध्ये जवळ गेलं की भिंतीचं पोट दिसतं.

मग मॉडेलर तिथे वीट भरतो. किती खोल भरायची, हे मात्र विटेला विचारूनच ठरवावं लागतं.

उदाहरणादाखल आपलीच वीट घेऊ. आपल्याकडच्या मानकात, आयएस १०७७ मध्ये, जुन्या धाटणीच्या विटेचं माप २३० × ११० × ७० मिलिमीटर दिलेलं आहे. दोन विटांमध्ये १० मिलिमीटरचा सांधा धरू. काच २३० आत असेल, तर कोपऱ्यावर एका थरात विटेची लांब बाजू वळणावर येते, म्हणजे पूर्ण २३०. वरच्या थरात विटेचं डोकं ११०, सांधा १० आणि अद्धा ११०; पुन्हा २३०. थरामागून थर असाच चढतो आणि सांधमोड आपोआप होते. आता आर्किटेक्टने नुसतं १५० लिहिलं तर? एका थरात वीट १५० वर कापायची, दुसऱ्यात ११० आणि १० नंतर उरतात ३०. तीन सेंटिमीटरची उभी चकती! कुठलाही चांगला मिस्त्री ती हातात धरून म्हणेल, "साहेब, ही टिकायची नाही." ती कापतानाच फुटते, आणि नाही फुटली तर चुन्या-सिमेंटात धड बसत नाही. स्क्रीनवर १५० आणि २३० दोन्ही सारखेच गुळगुळीत दिसतात. माप टाकण्याआधी कागदावर दोन थर काढून बघणं, हा या कामाचा गाभा आहे.

विटेचं असं ऐकणारे लोक होऊन गेलेत. अहमदाबादच्या आयआयएममध्ये लुई कान या वास्तुविशारदाने काच आणि तावदानं जाड विटेच्या भिंतीआड, सावलीत खोल ठेवली. कान १९७४ मध्ये गेल्यावर तिथलं काम पुढे नेलं ते मुंबईच्या अनंत राजे यांनी. फिलाडेल्फियात कानच्या हाताखाली काम करून ते आले होते. त्या आवारात एखाद्या कमानीच्या कडेला उभं राहून थर मोजावेत: कोपरा कुठे सुरू होतो, अद्धा कुठे येतो, सारं नुसत्या डोळ्यांनी वाचता येतं. नवशिक्या मॉडेलरला ट्युटोरियलपेक्षा त्या भिंती जास्त शिकवतील, असं ठामपणे म्हणावंसं वाटतं.

थरांच्या भिंतीत आणखी एक जबाबदारी येते. १४ जून २०१७ ला लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला लागलेल्या आगीत ७२ माणसं गेली. त्या इमारतीचं आवरण विटेचं नव्हतं, पण चौकशीच्या पहिल्या अहवालाने बोट ठेवलं ते खिडकीच्या कडेवरच. स्वयंपाकघरातली आग खिडकीच्या बाजूने बाहेरच्या आवरणात शिरली; तिथल्या फटींत पेट घेणारं साहित्य होतं आणि आग अडवणारा पोकळीतला अडथळा नव्हता. म्हणून रिटर्नच्या मागे पोकळी बंद करणारा पट्टा आणि ओल अडवणारा उभा थर, दोन्ही मॉडेलमध्ये दिसलेच पाहिजेत. नुसता विटेचा रंग चढवून कड झाकणं म्हणजे पुढच्या माणसापासून प्रश्न लपवणं.

मॉडेलमध्ये हे वळण करण्याच्या रीती तीन-चार आहेत. फक्त विटेच्या थराची एक छोटी भिंत काटकोनात काढून मुख्य भिंतीला जोडणं सगळ्यात सोपं, पण तसं केलं की कोपऱ्यातली वीट मोजणीत दोनदा येणार नाही ना, हे तपासावं लागतं. जागच्या जागी घडवलेला ठोकळा एखाद्या खिडकीपुरता ठीक. चाळीस खिडक्या असल्या तर प्रत्येक बदल चाळीस वेळा. सगळ्यात टिकाऊ रीत म्हणजे रुंदी, उंची आणि खोली बदलता येईल अशी स्वतंत्र फॅमिली, म्हणजे रेव्हिटमधला पुन्हा पुन्हा वापरता येणारा घटक: तीच भिंत कापते, तीच तिन्ही बाजूंनी वीट वळवते, आणि काच तिच्यात नंतर बसते.

तिन्ही बाजू म्हणताना वरची बाजू अवघड. बाजूची वीट खालच्या विटेवर बसते, पण काचेच्या डोक्यावरची, आत वळलेली वीट कशावर बसणार? तिला पोलादी अँगल लागतो, किंवा विटेच्या चकत्या आधीच चिकटवलेला लिंटल. त्याची जाडी मॉडेलमध्ये नसेल, तर काचेची उंची चुकते.

आणि पश्चिमेच्या उन्हासाठी काच अजून आत घ्यायची ठरली, तर २३० नंतरचं माप ३५०. एक सांधा आणि एक अद्धा वाढला. म्हणजे काच १२० मिलिमीटर आत गेली, आणि आतला खांब तिच्या चौकटीला भिडतोय का, हे स्ट्रक्चरल इंजिनियरला पोलादाची ऑर्डर जाण्याआधी विचारायचं.