नावेतली बैठक

सोलापुरात मराठी शिकवणाऱ्या आम्हां दोघा अध्यापकांनी उजनी जलाशयात हिंडण्यासाठी शिडाची एक छोटी, जुनी फायबरची नाव घेतली आणि सुट्टीभर तिच्यावर आपली बुद्धी चालवली. मोडक्या खुर्चीला नवार विणून उंच बैठक केली. मागे बॅटरीवर चालणारी मोटार बसवली. जड बॅटरी भिजू नये म्हणून तीही उंच फळीवर ठेवली. बैठकीवर सोलापुरी चादरीची घडी अंथरताना सिंहासन घडवल्याचा आनंद झाला.

काठावर जाळे विणणारे एक वृद्ध मामा म्हणाले, "सर, नावंत खुर्ची नसती टाकायची, मांडी घालायची असती."

आम्ही हसलो. छातीएवढ्या पाण्यातच वाऱ्याचा एक झोत शिडात भरला आणि सिंहासनासह आम्ही पाण्यात! भार उंचावला की गुरुत्वमध्य वर सरकतो आणि जरा कललेली नावही सावरत नाही, हे शाळेत शिकलो होतो. २१ मे २०२४ रोजी याच जलाशयात, कुगाव-कळाशीदरम्यान, वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जण गेले, हेही वाचले होते. वाचलेले त्या दिवशी अंगाला कळले.

मग खुर्चीचे पाय कापले, बॅटरी बंद पेटीत घालून मधोमध तळाशी बांधली. जीवरक्षक जाकिटे घेतली. मोटार सुरू करण्यापूर्वी शीड गुंडाळण्याचा नियम केला.

भीमेवरचे हे धरण १९८० साली पूर्ण झाले. मामांचे जुने गाव त्याच्या पाण्याखाली आहे. त्या पाण्यावर आम्ही आता मांडी घालूनच बसतो.