पांढरी जागा

विंडोज एक्सपीमधला डिस्क डिफ्रॅगमेंटर आठवतोय का कुणाला? त्या उभ्या रंगीत पट्ट्या? लाल म्हणजे तुकडे झालेल्या फाइल्स, निळ्या म्हणजे सलग, हिरव्या म्हणजे हलवता न येणाऱ्या आणि पांढरी ती मोकळी जागा. मी चहाचा कप घेऊन त्यांच्यासमोर बसून राहायचो. लाल कमी होताना बघून घर आवरल्यासारखं बरं वाटायचं.

परवा भाच्याला हे सांगत होतो. त्याच्या लॅपटॉपमध्ये एसएसडी आहे. फिरणारी तबकडी नाही, तिच्यावरून पळणारं डोकं नाही, त्यामुळे तुकडे जोडत बसायची गरजही नाही. तो म्हणाला, "मामा, तू ऑफिसात हेच करायचास?"

हो, हेच करायचो. आणि त्यातलं एक डिफ्रॅग अजून विसरता येत नाही. आज लिहूनच टाकतो.

२००५ सालची गोष्ट. मुंबईतल्या एका लहान कंपनीत मी सर्व्हर सांभाळायचो. मेलसाठी एक्स्चेंज २००३ ची स्टँडर्ड आवृत्ती होती. तिची अट अशी की सगळ्यांच्या मेल्सचा मिळून जो डेटाबेस असतो तो १६ जीबीच्या वर जाता कामा नये. गेला की मेल बंद. मे महिन्यातल्या एका शुक्रवारी आमची बंद पडली. रजिस्ट्रीत एक नोंद केली की तात्पुरती १ जीबीची सवलत मिळायची. ती घेतली आणि सगळ्यांच्या मागे लागून जुन्या मेल्स उडवायला लावल्या.

गंमत अशी की मेल्स उडवल्या तरी फाइल लहान होत नाही. रात्रीच्या देखभालीत सर्व्हर त्या जागा मोकळ्या म्हणून मांडून ठेवतो आणि नव्या मेल्स तिथे बसवतो. सकाळी इव्हेंट लॉगमध्ये १२२१ नंबरची नोंद दिसते, की आत इतके एमबी रिकामे आहेत. पण बाहेरचा आकार तेवढाच, आणि त्या वेळी मोजला जायचा तो बाहेरचाच आकार. तो कमी करायचा तर ऑफलाइन डिफ्रॅग. ते त्या रंगीत पट्ट्यांहून वेगळं. मेल बंद ठेवायची, डेटाबेसपेक्षा थोडी जास्तच मोकळी जागा हाताशी ठेवायची आणि एसइयूटिल नावाचा प्रोग्रॅम चालवायचा. तो जुन्या फाइलमधलं जिवंत तेवढं उचलून नव्या फाइलमध्ये लिहितो आणि शेवटी नवी जुनीच्या जागी ठेवतो. पांढरी जागा जुन्या फाइलबरोबर जाते.

शनिवारी रात्री बसलो. आधी मेलबॉक्सची यादी आकाराप्रमाणे लावली. सोडून गेलेल्यांची अकरा खाती होती, ती संध्याकाळीच बंद केली होती. बंद खात्याचा मेलबॉक्स एरवी ३० दिवस तसाच राहतो. मला थांबायला वेळ नव्हता. एकेकाला 'पर्ज' केलं.

त्यात सगळ्यात वर स्टोअर्समधले काका होते. २८० एमबी. काका फेब्रुवारीत हार्ट अटॅकने गेले होते.

काका रेवसचे. आठवडाभर मुंबईत खोलीवर, आणि शनिवारी भाऊच्या धक्क्यावरून लाँचने घरी. मुलगा मस्कतला. घरी कॉम्प्युटर नव्हता म्हणून मुलगा ऑफिसच्या पत्त्यावर लिहायचा, नातीचे फोटो पाठवायचा. हे सगळ्या ऑफिसला माहीत होतं. फोटो मावेनात म्हणून काकांची मर्यादा मीच वाढवून दिली होती. तरीही त्या रात्री मी नाव वाचलं आणि क्लिक केलं.

डिफ्रॅग साडेतीन तास चाललं. १६ चे ११ जीबी झाले. जुने लॉग नव्या फाइलला लागू होत नाहीत, म्हणून लगेच पूर्ण बॅकअप घेतला. सगळं पुस्तकात लिहिल्याप्रमाणे. सोमवारी साहेबांनी शाबासकी दिली.

डिसेंबरात काकांच्या मुलाचा फोन आला. सुट्टीवर आला होता. बाबांच्या मेल्स मिळतील का? तो तिथल्या कंपनीच्या पत्त्यावरून लिहायचा. नोकरी बदलली, पत्ता गेला. तिथेही माझ्यासारखाच कुणीतरी बसला असणार.

आमच्या टेप्स चार आठवड्यांनी फिरायच्या. मेमधल्या टेपवर जूनमध्येच दुसरं लिहिलं गेलं होतं. हे फोनवर सांगता आलं असतं, पण जीभ रेटेना. रविवारी लाँच पकडली.

घर धक्क्यापासून जवळच होतं. काकूंनी प्लास्टिकची जाड फाइल आणून समोर ठेवली. काका मेल्सच्या प्रिंट काढून शनिवारी घरी आणायचे. तारखेप्रमाणे नाही, काकूंनी आपल्या हिशेबाने लावल्या होत्या. नातीच्या दातांच्या एकीकडे, चालायला लागली त्या एकीकडे, आजारपणाच्या वेगळ्या. फोटो काळे-पांढरे, लेझर प्रिंटरवरचे. १७ जुलै १९४७ ला रामदास बोट भाऊच्या धक्क्याहून रेवसला येताना बुडाली, सहाशेच्या वर माणसं गेली. काकूंच्या सासूबाईंचा भाऊ त्यात होता. त्याच्या हातचं काहीच मागे राहिलं नाही म्हणून सासूबाई कागदाचा कपटासुद्धा टाकू द्यायच्या नाहीत, असं काकू म्हणाल्या.

फाइल जून २००४ ला संपत होती.

"पुढचं?" मी विचारलं.

"ऑफिसात कागदाला बंदी आली म्हणाले. मग तोंडी सांगायचे. आठवेल तेवढं."

खाजगी प्रिंट काढू नयेत, हे परिपत्रक साहेबांच्या सहीचं होतं. मसुदा माझा होता.

"काकू, त्या मेल्स मी पुसल्या."

"कशाला रे?"

"जागा हवी होती."

त्या काही बोलल्या नाहीत. मुलगा खिडकीबाहेर बघत होता. थोड्या वेळाने काकू उठल्या आणि म्हणाल्या, "चहा घे. पुढची लाँच मिळेल तुला."

मिळाली नाही. ओहोटी लागली होती. रेवसला गाळ फार, पाणी उतरलं की लाँच धक्क्याला लागत नाही. भरती येईपर्यंत धक्क्यावर बसून होतो. बसल्या बसल्या हिशेब केला. त्याच ऑक्टोबरात एक्स्चेंजचा सर्व्हिस पॅक टू आला होता. मर्यादा ७५ जीबीपर्यंत वाढवता येऊ लागली, आणि आतली मोकळी जागाही हिशेबातून वगळली जाऊ लागली. पाच महिने कसेबसे काढले असते तर डिफ्रॅग लागलंच नसतं. पण हे मनाचं समाधान. खरा हिशेब त्याहून सोपा होता. २८० एमबी म्हणजे अर्धी सीडीसुद्धा नाही. कोऱ्या सीड्यांची चळत माझ्या ड्रॉवरमध्ये पडलेली होती.

तेव्हापासून एक पाळत आलो. गेलेल्या माणसाचं खातं पुसण्याआधी ऑफिसला विचारायचं आणि घरी एक फोन करायचा. बरेच जण नको म्हणतात. काही जण सीडी, पुढे पेन ड्राइव्ह, मागून घेतात आणि न्यायला येत नाहीत. दोघी जणी मात्र दुसऱ्याच दिवशी आल्या होत्या.

आता मेल्स कुठल्या सर्व्हरवर असतात ते आपल्याला कळतही नाही, पण पुसायचं बटण कुणाच्या तरी हाताखाली असतंच. हे वाचणाऱ्यांत तसं कुणी असेल तर एवढंच सांगतो, आधी फोन करा.